वाटाड्याचे शिक्षण

परदेशी पाहुण्यांना आपला देश दाखवणे हा ज्यांचा रोजचा व्यवसाय आहे, त्या पर्यटक-मार्गदर्शकांचे काम सहसा माहिती सांगण्याचे काम समजले जाते, आणि राजवंश, शतके व मूर्तींची नावे यांचा साठा जितका मोठा तितका मार्गदर्शक चांगला, असे मानले जाते. प्रत्यक्षात या व्यवसायात आयुष्याचा मोठा काळ घालवलेल्या माणसाचे खरे शिक्षण ऐकण्यातून झालेले असते. कारण पाहुणा जे विचारतो ते बहुतेक वेळा पाठ केलेल्या माहितीच्या बाहेरचे असते, आणि त्याचे उत्तर शोधताना मार्गदर्शकाला जन्मापासून परिचित असलेल्या आपल्याच मुलखाकडे पहिल्यांदा थांबून पाहावे लागते. महाराष्ट्रात हे काम करणाऱ्यांपैकी कित्येक जण भाषेच्या वाटेने आलेले असतात. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये फ्रेंच, रशियन किंवा जपानी, अथवा मॅक्समुल्लर भवनात जर्मन शिकून, पुढे केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची परीक्षा देऊन ते परवानाधारक मार्गदर्शक होतात, म्हणजे संरक्षित स्मारकांच्या ठिकाणी पाहुण्यांबरोबर अधिकृतपणे फिरण्याची आणि बोलण्याची त्यांना मुभा मिळते. त्यांना परकी भाषा शिकवली जाते, इतिहास शिकवला जातो. परक्या माणसाच्या नजरेसमोर आपले घर उघडे करताना मनात काय होते, हे मात्र कोणत्याही अभ्यासक्रमात नसते.

सुरुवातीच्या वर्षांत मार्गदर्शक प्रामुख्याने देशाचा बचाव करतो. रस्त्याकडेचा कचरा दिसू नये म्हणून गाडीच्या दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून दिसणारे शेत किंवा देऊळ तो तत्परतेने दाखवतो, भिंतीवरच्या पानाच्या पिचकाऱ्यांविषयीचा प्रश्न हसून टाळतो, आणि कुणी जातीविषयी विचारले तर राज्यघटनेने अस्पृश्यता नष्ट केली आहे, एवढे एक वाक्य सांगून पुढच्या शिल्पाकडे वळतो. या वागण्यामागे खोटेपणा नसतो. पाहुण्यासमोर घरातली भांडणे काढू नयेत या संस्काराचाच तो भाग असतो. त्यामागे एक गृहीतक मात्र दडलेले असते. परदेशी पाहुणा आपल्याबद्दल मत बनवण्यासाठीच आला आहे आणि ते मत चांगले व्हावे ही आपली जबाबदारी आहे, असे मार्गदर्शकाला वाटत असते. पाहुण्याला आरसा मानण्याची ही सवय व्यक्तिगत नाही, ती इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांपासून आपल्या अंगी मुरलेली आहे.

सातव्या शतकात चालुक्य राजा दुसरा पुलकेशी याच्या काळात ह्युएन त्संग हा चिनी बौद्ध भिक्षू महाराष्ट्रात आला आणि इथली माणसे मानी, लढाऊ, उपकार न विसरणारी आणि अपमानाचा सूड घेणारी आहेत असे त्याने लिहून ठेवले, ही गोष्ट मराठी शाळेत शिकलेल्या कुणालाही ठाऊक असते, आणि मार्गदर्शक ती अभिमानाने सांगतो. तैवानमधून किंवा चीनमधून आलेल्या यात्रेकरूंसमोर तीच गोष्ट सांगताना मात्र वेगळाच अनुभव येतो. त्यांच्या मनात ह्युएन त्संग हा महाराष्ट्राला प्रशस्तिपत्र देणारा साक्षीदार नसतो. बौद्ध ग्रंथांच्या शोधात वाळवंटे आणि पर्वत ओलांडून आलेला, नालंदेत वर्षानुवर्षे अध्ययन केलेला, ग्रंथांची ओझी घेऊन मायदेशी परतून उरलेले आयुष्य भाषांतरात घालवलेला तो एक साधक असतो, आणि त्या दीर्घ प्रवासात महाराष्ट्र हा एक मुक्काम असतो. त्या प्रवाशाला स्वतःचे काही हवे होते, तो आपल्याबद्दल चार चांगले शब्द लिहिण्यासाठी आलेला नव्हता, एवढी साधी गोष्ट त्याच्याच देशातला माणूस समोर उभा राहिल्यावर ध्यानात येते. परकीयांची प्रवासवर्णने आपण बहुधा आपली स्तुती किंवा निंदा शोधण्यासाठी वाचतो, आणि त्यामुळे त्या प्रवाशांचे प्रश्न आपल्याला ऐकूच येत नाहीत.

पाहुण्यांच्या प्रश्नांनी आपली नजर बदलणे सर्वांत स्पष्टपणे घडते ते अजिंठ्याला. वाघोरा नदीच्या घोड्याच्या नालासारख्या वळणावर, उभ्या कड्यात खोदलेली ही 30 लेणी दोन कालखंडांतली आहेत. काही इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकाच्या आसपासची, आणि बरीचशी पाचव्या शतकातल्या वाकाटक राजवटीतली. त्यांपैकी काही चैत्यगृहे आहेत, म्हणजे टोकाला स्तूप असलेली प्रार्थनेची दालने, आणि उरलेले विहार, म्हणजे भिक्षूंच्या निवासासाठी कोरलेल्या खोल्या व त्यांच्या मधला मंडप. 1983 मध्ये युनेस्कोने या स्थळाला जागतिक वारशाचा दर्जा दिला. मार्गदर्शकाच्या निवेदनात इथे पूर्वापार एक वाक्य असते, की 1819 मध्ये शिकारीसाठी आलेल्या जॉन स्मिथ या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने अजिंठ्याचा शोध लावला. आणि पुरावा म्हणून दहाव्या लेण्यातल्या खांबावर, एका रंगवलेल्या आकृतीवरच त्याने कोरलेले नाव व तारीख दाखवली जाते. या वाक्यावर हरकत घेणारे पाहुणे बहुधा अशा देशांतून आलेले असतात, ज्यांचा स्वतःचाही कुणीतरी असाच शोध लावलेला आहे. आसपासच्या गावांतल्या गुराख्यांना ही लेणी ठाऊक नव्हती का, असे ते विचारतात, आणि हे विधान सहज उच्चारणाऱ्या मार्गदर्शकाला ते किती विचित्र आहे हे जाणवते. ज्या डोंगरात माणसे गुरे चारत होती, त्या डोंगरातल्या वास्तूचा शोध लागण्यासाठी मद्रासच्या फौजेतल्या अधिकाऱ्याने येण्याची गरज का पडावी? यानंतर ते वाक्य बदलते. स्मिथच्या भेटीमुळे अजिंठ्याची वार्ता युरोपातल्या अभ्यासकांपर्यंत पोचली, असे म्हटले जाऊ लागते. हा बदल छोटा दिसला तरी त्यातून डोंगराजवळच्या गावांना त्यांचे स्थान परत मिळते.

परक्या नजरेचे ऋणही याच ठिकाणी मान्य करावे लागते. 1844 पासून रॉबर्ट गिल या अधिकाऱ्याने इथल्या चित्रांच्या प्रतिकृती रंगवण्यात आपली उमेदीची वर्षे घातली, आणि त्यांतल्या बहुसंख्य प्रतिकृती 1866 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळून गेल्या. पुढे मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी आपल्या भारतीय विद्यार्थ्यांसह ते काम पुन्हा केले, आणि त्यांच्याही काही प्रतिकृती 1885 च्या आगीत गेल्या. तरीही जे उरले त्यात असे तपशील आहेत, जे आज मूळ भिंतीवर पुसट झाले आहेत किंवा नाहीसेच झाले आहेत, आणि म्हणून भिंतीवरचे चित्र समजावून सांगताना मार्गदर्शकाला अनेकदा एका परक्या माणसाने काढलेल्या प्रतिकृतीचा आधार घ्यावा लागतो. जपानी पाहुणे या नाशाकडे विशेष समजुतीने पाहतात, कारण नारा परिसरातल्या होर्यूजी मंदिराची, अजिंठ्याशी ज्यांची नेहमी तुलना केली जाते अशी भित्तिचित्रे 1949 च्या आगीत होरपळली होती. त्यांच्यापैकी काही जण पद्मपाणी बोधिसत्त्वासमोर बराच वेळ काही न बोलता उभे राहतात. बोधिसत्त्व म्हणजे इतरांच्या मुक्तीसाठी स्वतःची मुक्ती लांबणीवर टाकणारा साधक, हे त्यांना सांगावे लागत नाही. उलट त्या आकृतीच्या झुकलेल्या पापण्यांकडे मार्गदर्शकाचेच लक्ष त्यांच्यामुळे नव्याने जाते.

पहिल्याच लेण्याच्या छतावर टोकदार टोप्या, दाढ्या आणि पट्ट्यांचे पायमोजे घातलेली माणसे रंगवलेली आहेत, ती उघडपणे पश्चिमेकडून, इराणच्या बाजूने आलेली आहेत. जेम्स फर्ग्युसन यांनी या लेण्यातल्या चित्रांमध्ये इराणचा सम्राट खुसरो याने पुलकेशीकडे पाठवलेले शिष्टमंडळ पाहिले होते. वॉल्टर स्पिंक या अमेरिकन अभ्यासकाने आपल्या कामाची अनेक दशके अजिंठ्याला देऊन हे लेणे पाचव्या शतकातले, वाकाटक राजा हरिषेण याच्या काळातले ठरवले, आणि ते मानले तर शिष्टमंडळाचा तर्क टिकत नाही. इतिहासकारांच्या या वादापेक्षा पाहुण्यांना वेगळीच गोष्ट भावते. इथल्या चित्रकारांनी परक्या माणसाला पाहिले होते, त्याच्या मोज्यांवरचे पट्टेसुद्धा लक्षात ठेवले होते, आणि त्याला भिक्षूंच्या निवासाच्या छतावर जागा दिली होती. ज्या निळ्या रंगाने ही चित्रे खुलतात तो लाजवर्द दगडाचा रंगही अफगाणिस्तानातल्या बदख्शानकडून आलेला आहे. अजिंठ्याला संपूर्णपणे आपले म्हणत असतानाच त्यात दूरच्या माणसांचा वाटा किती आहे, हे मार्गदर्शकाला बहुधा या छताखाली मान वर करून उभ्या असलेल्या पाहुण्यांकडे पाहून उमगते.

पण या स्थळाचा सर्वांत मोठा धडा सव्विसाव्या लेण्यात मिळतो. तिथे सुमारे 7 मीटर लांबीची बुद्धाच्या महापरिनिर्वाणाची, म्हणजे देहत्यागाच्या वेळची, आडवी मूर्ती आहे. कलेच्या इतिहासाच्या पुस्तकांतून आलेला मार्गदर्शक इथे शिल्पाचे प्रमाण, उशीवर रेललेले मस्तक, खालच्या बाजूला शोक करणारे शिष्य यांविषयी बोलतो. श्रीलंका, थायलंड किंवा म्यानमारमधले यात्रेकरू मात्र ऐकत नाहीत. ते खाली बसतात, हात जोडतात आणि पाली भाषेत त्रिशरण-पंचशील म्हणू लागतात, म्हणजे बुद्ध, धम्म आणि संघ यांना शरण जाण्याची वचने व पाच शीलांची प्रतिज्ञा. आपण ज्याला स्मारक समजत होतो ते या लोकांसाठी चालू स्थितीतले पूजास्थान आहे, हे पाहून मार्गदर्शक थक्क होतो. तोपर्यंत एक गोष्ट त्याच्या नजरेतून निसटलेली असते. विदर्भातून आणि मराठवाड्यातून एसटीने आलेली मराठी बौद्ध कुटुंबेही त्याच मूर्तीपुढे त्याच रीतीने बसत असतात, तेच पाली शब्द म्हणत असतात. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतल्यानंतर महाराष्ट्रातल्या घराघरांत जी वचने पोचली, ती कोलंबोहून आलेल्या यात्रेकरूच्याही तोंडी असतात, आणि कधी कधी दोन्ही गट एकमेकांची भाषा न जाणता एका स्वरात ती म्हणतात. मार्गदर्शकाने अशा कुटुंबांना वर्षानुवर्षे गर्दी म्हणून पाहिलेले असते, शांतता राखा म्हणून त्यांना बजावलेले असते, आणि त्यांच्यापासून दूर नेऊन परदेशी पाहुण्यांना बौद्ध धर्म समजावून दिलेला असतो. इथे परक्याच्या नजरेतून जो दिसतो तो आपल्याच जिल्ह्यातला माणूस असतो, आणि तो आजवर का दिसला नाही या प्रश्नाचे उत्तर पर्यटनात सापडत नाही, ते समाजाच्या रचनेत शोधावे लागते. जातीविषयीच्या प्रश्नाला घटनेतल्या एका वाक्याने उत्तर देणे यानंतर मार्गदर्शकाला जमत नाही, आणि जमू नये.

लेण्यांच्या चढणीवर डोलीवाले असतात. डोली म्हणजे दोन बांबूंना बांधलेली खुर्ची. तिच्यात बसलेल्या माणसाला चार जण खांद्यावर वाहून नेतात. गुडघे दुखणाऱ्या वृद्ध पाहुण्यांसाठी मार्गदर्शक ही सोय तत्परतेने सुचवतो, आणि अनेक पाहुणे, विशेषतः युरोपातले, कितीही त्रास होत असला तरी माणसाच्या खांद्यावर बसायला नकार देतात. तो नकार सभ्यपणाचा असतो, पण त्यामुळे चार घरांची दिवसाची कमाई बुडते, आणि डोलीवाल्यांच्या चेहऱ्यावर ते लपत नाही. या पेचातून समाधानकारक सुटका नाही. आपण ज्याला सोय म्हणत होतो तो कुणाचा तरी खांदा आहे, हे पाहुण्याच्या संकोचामुळे मार्गदर्शकाला दिसते, आणि ज्याचा तो खांदा आहे त्याला ते काम हवे आहे, हे पाहुण्याला सांगण्याची वेळही त्याच्यावरच येते. अनुभवी मार्गदर्शक अशा वेळी पाहुणा आणि डोलीवाला यांना थेट बोलू देतात आणि आपण मध्ये केवळ भाषा पुरवतात. बोलणे झाल्यावर काही पाहुणे बसतात, काही तरीही चालतच जातात.

तिकीटखिडकीवरचा फरकही दर वेळी समजावून सांगावा लागतो. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या 2018 पासूनच्या दरांनुसार अजिंठा, वेरूळ, घारापुरी यांसारख्या स्मारकांसाठी भारतीयांना 40 रुपये आणि परदेशी पाहुण्यांना 600 रुपये पडू लागले, तर सार्क आणि बिमस्टेक या प्रादेशिक संघटनांतल्या देशांचे नागरिक भारतीयांच्या दराने आत जाऊ लागले. इथल्या शेतमजुराच्या मुलांना हा वारसा परवडला पाहिजे, हे उत्तर बहुतेकांना पटते. श्रीलंकेच्या यात्रेकरूला त्याच रांगेत 40 रुपयांचे तिकीट मिळताना पाहून मार्गदर्शकाच्या मनात परदेशी या वर्गाचीच फेरजुळणी होते.

पुण्या-मुंबईच्या वाटेवरचे कार्ले हे असेच एक ठिकाण, जिथे पाहुण्यांच्या प्रश्नामुळे आतबाहेरची कल्पना ढळते. इथले चैत्यगृह भारतातल्या खोदीव चैत्यगृहांमध्ये सर्वांत मोठे मानले जाते, आणि त्याच्या छताच्या लाकडी कमानी सुमारे दोन हजार वर्षे टिकून आहेत. आतल्या खांबांवर दात्यांची नावे ब्राह्मी लिपीत कोरलेली आहेत, आणि त्यांत धेनुकाकट या गावचे यवन आहेत. यवन म्हणजे मुळात ग्रीक आणि पुढे पश्चिमेकडून आलेले परकीय. ग्रीक पाहुण्यांना हे खांब दाखवताना त्यांचा आनंद पाहण्यासारखा असतो, पण खरा प्रश्न बाहेर आल्यावर येतो. चैत्यगृहाच्या अगदी दाराशी एकवीरा आईचे देऊळ आहे, आणि कोळी-आगरी समाजातले हजारो भाविक नारळ, हळद-कुंकू, ओटी आणि नवसाची कोंबडी घेऊन त्याच पायऱ्या चढत असतात. एवढी माणसे बुद्धाला भेटायला आली आहेत का, असे पाहुणा विचारतो. पुस्तकी सवयीचा मार्गदर्शक या गर्दीकडे लेण्याच्या दर्शनातला अडथळा म्हणून पाहत आलेला असतो. पण हा डोंगर ओस पडला नाही तो भाविकांच्या येण्याजाण्यामुळे, आणि देवीला येणारा कोळी चैत्यगृहाच्या आतही डोकावतो, स्तूपाला हात जोडतो, हे पाहुण्याच्या बरोबर पायरीवर बसून पाहिल्याखेरीज लक्षात येत नाही. ज्या यवनाने खांब दिला तोही कदाचित व्यापाराच्या वाटेवर असाच नवस बोलून इथे आला असेल. हा केवळ तर्क आहे, पण एकवीरेच्या पायऱ्यांवर तो करण्याचा मोह आवरत नाही.

या कामातला खरा धोका निंदेचा नाही. पाहुणा जो भारत पाहायला आला आहे तोच त्याला पुरवण्याची सवय मार्गदर्शकाला लागते, आणि ती अधिक घातक असते. मुंबईत चर्चगेट स्थानकाबाहेर डबेवाल्यांना डबे लावताना पाहणे हा आता दौऱ्याचा ठरलेला भाग आहे. 2003 मध्ये ब्रिटनचे युवराज चार्ल्स यांनी त्यांची भेट घेतली, आणि त्यांचे नाव जगभर पोचले. डब्यावरच्या रंगीत खुणा आणि अक्षरांवरून तो कोणत्या स्थानकावर उतरवायचा आणि कोणत्या इमारतीत न्यायचा हे कळते, ही पद्धत कौतुकास पात्र आहेच. परंतु ज्या वेळी डबेवाल्याला घड्याळ पाहावे लागते त्याच वेळी त्याला छायाचित्रासाठी थांबवले जाते, आणि मावळ, खेड, जुन्नरकडून आलेल्या, माळ घालणाऱ्या या माणसांचे गाव, त्यांची यात्रा आणि वारी, शहरातल्या भाड्याच्या खोलीत चार-चार जणांनी राहणे, यांतले काहीच पाहुण्यापर्यंत पोचत नाही, कारण त्याने ते मागितलेले नसते. धारावीच्या वस्तीत पाहुण्यांना नेताना तर हे अधिकच टोचते. काम करणाऱ्या माणसाची परवानगी न घेता त्याच्यावर कॅमेरा रोखू न देणे, हा नियम काही मार्गदर्शक स्वतःहून पाळतात आणि त्यासाठी बक्षिशी गेली तरी चालवून घेतात. या व्यवसायाची प्रतिष्ठा राखली आहे ती त्यांनी.

सगळ्यांत वेगळा पाहुणा म्हणजे इस्रायलमधून येणारा बेने इस्रायली. त्याच्या परंपरेनुसार पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून वाचलेली सात जोडपी होती. तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या गावांत घाण्यावर तेल गाळून आणि शनिवारी काम बंद ठेवून ही माणसे शनवार तेली म्हणून ओळखली गेली, आणि पेणकर, रोहेकर, किहीमकर, नवगावकर अशी गावांची आडनावे त्यांनी धारण केली. 1948 नंतर त्यांतले बहुसंख्य इस्रायलला गेले, तिथे मायबोली नावाचे मराठी नियतकालिकही त्यांनी चालवले. त्यांची आजची पिढी परदेशी पारपत्रावर, परदेशी तिकीटदर भरून येते, आणि तिच्यातल्या वडीलधाऱ्यांना मार्गदर्शकाच्या इंग्रजीची गरज नसते. अलिबागच्या इस्रायल आळीत शिरताच ते शेजारच्या घरी मराठीत विचारपूस करू लागतात. मार्गदर्शकाने प्रार्थनामंदिराच्या बांधकामाची माहिती तयार ठेवलेली असते, आणि पाहुणे विचारतात की घाणा कोणत्या परसात होता, विहीर अजून गोडी आहे का, मलिद्यासाठी लागणारे पोहे इथे कुठे चांगले मिळतात. मलिदा म्हणजे प्रेषित एलियाहूच्या स्मरणार्थ पोहे, खोबरे, साखर आणि फळे यांचा केलेला प्रसाद, हे स्पष्टीकरण इथे मार्गदर्शक देत नाही, त्याला ते पाहुण्यांकडून मिळते. खंडाळे गावाजवळ एलियाहूच्या रथाच्या खुणा मानला जाणारा खडक कुठे आहे हेही तेच दाखवतात. पुढच्या वेळी जर्मन किंवा अमेरिकन गट कोकणात नेताना मार्गदर्शक त्या खडकापाशी गाडी थांबवतो, आणि ही माहिती कुणाकडून मिळाली तेही पाहुण्यांना सांगतो.